नऊ किलो बावीस

११ मार्च

दादा,

हे पत्र तू बिलांच्या गठ्ठ्यात सरकवून देशील, म्हणून पाकिटावर वहिनीचं नाव घातलंय. फोन तू उचलत नाहीस. दुसऱ्या नंबरवरून केला तर माझा "हॅलो" ऐकून ठेवून देतोस. पत्राला निदान आवाज नसतो.

तर, जिवंत आहे. नोकरीला आहे. साडेतीन महिने झाले एकाच ठिकाणी. हसू नकोस, माझ्या मानाने हा विक्रम आहे. मध्ये एका बोटीला रंग द्यायचं काम केलं, मग एका बेकरीत होते, तिथून का निघाले ते पुन्हा कधीतरी. (काढलं. पाव जळले. मी मांजराकडे बघत बसले होते.)

आता आहे ते भंगाराचं आवार आहे. शाळेच्या मैदानाएवढं. जुने फ्रिज आणि एसी ट्रकने येतात, आम्ही ते तोडतो. पण तोडण्याआधी आतला गॅस काढून घ्यायचा. पाइपला चिमटा लावायचा, मशीन गॅस ओढतं आणि सिलिंडरमध्ये दाबतं. प्रत्येक नंबरच्या गॅसला वेगळा सिलिंडर. बावीसचा हिरवा, चारशे दहाचा गुलाबी. फ्रिजच्या दारांवर लोकांचं अख्खं घर चिकटलेलं असतं रे. परवा एकावर लिहिलेलं होतं, "दूध माझं आहे. हात लावू नये." कुणाचं कुणाशी भांडण होतं देव जाणे. मी अर्धा तास विचार करत बसले आणि मीटरबाईंची बोलणी खाल्ली.

मीटरबाई म्हणजे आमच्या फोरमनबाई. आकड्यांशिवाय बोलत नाहीत. "तू आज अकरा मिनिटं उशिरा आलीस आणि चौदा मिनिटं गप्पा मारल्यास." अशा.

भांडणाबद्दल लिहायचं नाही असं ठरवून बसले होते. पण मग बाकी आहेच काय लिहायला?

त्या दिवशी प्रसूतिगृहाच्या छतावर तू एसीच्या प्लांटची गळती शोधत होतास. पाइपला टाका घालण्याआधी प्लांटमधला गॅस काढावा लागतो. तू नळी सोडवलीस आणि नऊ किलो गॅस पाच मिनिटांत हवेत. बाबाही तसंच करायचे, सगळेच करतात. पण मी नुकतीच तो आठ दिवसांचा कोर्स करून आले होते आणि माझ्या डोक्यात आकडे उकळत होते. एक किलो सोडला म्हणजे मोटारगाडी दहा हजार किलोमीटर पळवल्याइतका ताप वातावरणात. मी ते म्हटलं. हळू म्हटलं असतं तर चाललं असतं. मोठ्या सिस्टरांसमोर म्हटलं.

तू म्हणालास, "बाबांनी आणि मी मिळून पंचवीस वर्षं हे शहर गार ठेवलं. आणि आठ दिवसांत शिकून तू मला सांगतेस की मी ते तापवतोय?"

मग मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. तुला पाठ असेलच.

वहिनीला आणि तुझ्या गुडघ्याला नमस्कार.

भिंगरी

२३ मार्च

दादा,

वहिनीचं पोस्टकार्ड आलं. तू माझं पत्र वाचलं नाहीस, फक्त दोनदा उचलून परत ठेवलंस, असं तिने लिहिलंय. दोनदा म्हणजे बरंच झालं.

खाली तिने बारीक अक्षरात दुसरं लिहिलंय, आणि ते वाचल्यापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. प्रसूतिगृहाचा प्लांट पुन्हा गळला. टाका तू घातलास, पण आत भरायला बावीस नंबरचा गॅस कुठेच मिळत नाहीये. कारखान्यांनी बनवणं बंद केलं, दुकानांतला साठा संपला. नवा प्लांट मंजूर झालाय, यायला पावसाळा उजाडणार. आणि काचेच्या खोलीत, जिथे दिवस भरण्याआधी जन्मलेली बाळं ठेवतात, तिथे आत्ताच तेहतीसच्या वर पारा जातोय. मार्चमध्ये! पेट्यांमधली बाळं अंगातली उष्णता बाहेर सोडू शकत नाहीत, हे मला सिस्टरांनीच एकदा समजावलं होतं. पेटीला ऊब देता येते, गारवा देता येत नाही. बाहेरची खोलीच गार असावी लागते.

वहिनी लिहिते, तू रोज तिथे जातोस. ओल्या चादरी लावतोस, बर्फाच्या लाद्या पंख्यासमोर ठेवतोस, आणि घरी येऊन जेवत नाहीस.

किती लागतो, ते मला माहीत आहे. नऊ किलो. तेवढाच, जेवढा आपण गेल्या वर्षी

नाही. हे मी म्हणणार नव्हते. म्हटलं गेलं. खोडत नाही, कारण खोडलेलं तू उजेडात धरून वाचशील.

ऐक. आमच्याकडे जुने एसी येतात. त्यांत बावीस असतो. कुणात अर्धा किलो, कुणात पाऊण, बरेच रिकामे. काढलेला गॅस गाळून, त्यातलं तेल आणि ओल काढून पुन्हा वापरता येतो. मी मीटरबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "नऊ किलोला सोळा ते अठरा चांगले एसी लागतील. दिवसाला दीड मिळतो. बारा दिवस." मग चष्मा काढून म्हणाल्या, "बाळं किती?"

मी म्हटलं, "तीन."

"मग आधी सांगायचं की."

तू हो म्हण की नको म्हण, मी गोळा करायला लागलेय.

भिंगरी

४ एप्रिल

दादा,

पाठवला! आज सकाळी मालाच्या गाडीने गेला. हिरवा सिलिंडर, नऊ किलो दोनशे ग्रॅम. वरचे दोनशे माझ्याकडून भेट. चार दिवसांत पोचेल. पोच द्यायला वहिनीला सांग, तू तर देणार नाहीस.

मला इतकं हलकं वाटतंय की आवारातल्या कुत्र्यालाही सांगितलं. तो दार तोडलेल्या एका फ्रिजमध्ये झोपतो. आतल्या कप्प्यात मान ठेवतो, जिथे लोक अंडी ठेवतात.

आज तुला एक गोष्ट सांगायची आहे, जी त्या दिवशी भांडताना माझ्या घशात अडकली होती. तू बाबांच्या दुरुस्तीच्या दुकानात नवीन होतास, मी सात-आठ वर्षांची. उन्हाळ्यात बाबा फ्रिज उघडायचे आणि मी धावत जायचे. ते नळी वाकडी धरून थोडासा गॅस सोडायचे, फुस्स, आणि माझा तळहात गार पडायचा. "अजून," मी म्हणायचे. ते अजून सोडायचे. गॅस संपलेला नसला तरी सोडायचे, केवळ मी हसते म्हणून.

कोर्समध्ये त्या बाई फळ्यावर आकडे लिहीत होत्या तेव्हा मला तुझा राग आलाच नव्हता. मला माझा तळहात आठवत होता. बाबांवर ओरडता येत नव्हतं, ते गेलेले. स्वतःवर ओरडायला मी तेवढी मोठी नव्हते. मग तू समोर होतास.

एवढंच. उत्तर नको.

भिंगरी

ता.क. शेवटच्या दोन दिवसांत एसी एकदम भरपूर आले म्हणून वेळेत झालं. मी दोन-दोन एसी शेजारीशेजारी लावून गॅस काढत होते. मीटरबाई म्हणाल्या तपासून बंद कर. मी आधी एकदा तपासला होता, सात किलोवर असताना. एकदम शुद्ध.

९ एप्रिल, दुपार

दादा, दादा, तो लावू नकोस.

हे पत्र तुला वेळेत मिळणार नाही, मला कळतंय. पण वहिनीच्या फोनची वाट बघतेय आणि हात गप्प बसत नाहीयेत, म्हणून लिहितेय.

आज सकाळी मीटरबाई सगळे सिलिंडर काट्यावर ठेवत होत्या. चारशे दहाचा गुलाबी सिलिंडर दोन किलोने हलका निघाला. त्यांनी पुन्हा ठेवला. पुन्हा तेच. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच एकही आकडा न उच्चारता म्हणाल्या, "तू शेवटचं भरताना काय बोलत होतीस?"

मी बोटीची गोष्ट सांगत होते. रंगाचा डबा समुद्रात पडला ती. समोर दोन एसी होते, एक बावीसचा, एक चारशे दहाचा, आणि मी हातवारे करत करत दोन्हींच्या नळ्या एकाच सिलिंडरला लावल्या. दोन किलो चारशे दहा तुझ्या हिरव्या सिलिंडरमध्ये गेला. वरून काही दिसत नाही. वजन बरोबर, रंग बरोबर, चिठ्ठीवर माझी सही.

तुला सांगायला नको की तो मिसळलेला गॅस भरला तर काय होईल. दाब वर जाईल आणि तो म्हातारा कॉम्प्रेसर एका दुपारी मान टाकेल. मग गॅस मिळाला तरी उपयोग नाही. मग पावसाळ्यापर्यंत ती खोली तशीच. आणि रेडिओवर सांगतायत की सोळा तारखेपासून पाच दिवस तुमच्याकडे पारा पंचेचाळीसवर जाणार.

मघाशी वहिनीला फोन लागला. मी म्हटलं, "दादा कुठे आहे?"

"पहाटेच गेलेत प्रसूतिगृहात. तुझा सिलिंडर कालच वर नेऊन ठेवलाय. का गं?"

"त्याला फोन कर!"

"फोन इथे चार्जिंगला लावून गेलेत. तुझा भाऊच तो."

मी सांगितलं. पलीकडे चपला सरकवल्याचा आवाज आला आणि दार आपटलं. तेव्हापासून पंचवीस मिनिटं झाली. मीटरबाई माझ्या शेजारी येऊन बसल्यात. त्या मोजतायत. मी मोजू नका म्हटलं तर मनात मोजतायत, ओठ हलताना दिसतात.

तू मला काहीही बोल. पुन्हा दुकानात पाऊल ठेवू देऊ नकोस. फक्त अजून नळी लावली नसू दे.

त्या बाळांची नावंसुद्धा ठेवलेली नसतील अजून.

एक्केचाळीस मिनिटं.

१० एप्रिल

दादा,

काल वहिनीचा फोन आला.

तू लावलाच नव्हतास.

वहिनी म्हणाली, ती धापा टाकत जिन्याने वर गेली तर तू छतावर सावलीत बसून पाइपचे सांधे साबणाच्या पाण्याने तपासत होतास. सिलिंडर बाजूला, त्यावर खडूने फुली. तिने सांगितलं तर तू म्हणालास, "माहीत आहे. काल संध्याकाळीच कळलं."

मला हे तुझ्या तोंडून ऐकायचं होतं, पण वहिनीनेही छान सांगितलं. तू सिलिंडर दिवसभर सावलीत ठेवलास. त्याला बाहेरच्या हवेइतकं होऊ दिलंस. मग तापमापी लावली, तीस. तक्त्यात बघितलंस, तीसला बावीसचा दाब एकशे अठ्ठावन्न. काटा दाखवत होता एकशे शहात्तर. म्हणजे आत बावीसशिवाय आणखी कुणीतरी आहे.

मी वहिनीला विचारलं, "त्याचा माझ्यावर विश्वास नव्हता म्हणून तपासला ना?"

तिने तुला विचारलं. मागून तुझा आवाज आला. आठ महिन्यांनी. "तिला सांग, बाबांनी भरून दिलेला सिलिंडरही मी तपासूनच लावायचो. आणि सांग, दुसरा पाठव. या वेळी तोंड बंद ठेवून भर."

मी इतकी रडले की मीटरबाईंनी पाण्याची बाटली दिली आणि म्हणाल्या, "अर्धा लिटर. सगळं पी."

तोंड बंद ठेवून भरते.

भिंगरी

१३ एप्रिल

दादा,

आवारात कुणी माझ्याशी बोलत नाही. मीच सांगितलंय. माझ्या मशीनभोवती खडूने गोल आखलाय. आत कुणी यायचं नाही, आणि मी आत असताना बोलायचं नाही. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत माझं डोकं फुटायची वेळ आली. मग गुणगुणायला लागले. मीटरबाई म्हणाल्या, "गुणगुणणं चालेल. शब्द नकोत."

आणि बघ काय झालं. सगळ्यांनी आपापली कामं बाजूला ठेवलीत. ट्रकवाला, जो एरवी चहा झाल्याशिवाय गाडीतून उतरत नाही, तो पलीकडच्या दोन भंगारवाल्यांकडे जाऊन जुने एसी उचलून आला. म्हणाला, "ते लोक पाइप कापून गॅस सोडून देतात. मी म्हटलं, थांबा रे, त्याच्यावर पोरं अवलंबून आहेत." आता ते दोघं विचारतायत की आमच्याकडचे नेहमीच तुम्ही नेणार का. मीटरबाईंनी लगेच हिशेब केला, म्हणाल्या नेऊ. एवढं मोठं काम माझ्या चुकीतून निघालं असं मी म्हणणार नाही. (पण निघालं.)

खराब झालेला पहिला सिलिंडर परत पाठव. मिसळलेला गॅस वेगळा करता येत नाही, तो मोठ्या भट्टीत जाळायला जातो. पण सोडू नकोस हं. हे तुला सांगायची गरज आहे का? वहिनी म्हणते तू त्याला साखळी लावून ठेवलायस, जणू चावेल.

आज आठ किलो शंभर झाला. अर्ध्या-अर्ध्या किलोला तपासतेय. उद्या दुपारपर्यंत नऊ. पंधराला ट्रक तुमच्या दिशेने मोकळा जातोय. सिलिंडर पाठवत नाही. सिलिंडर घेऊन येतेय. गॅस काढायचं मशीनही आणते, प्लांटमध्ये उरलेलं जे काही आहे ते आधी नीट काढू.

दोन तास लागतात त्याला. तू पाच मिनिटांत सोडत होतास. कुरकुर करशील तर कर. पण छतावर सकाळी सहालाच चढायचं आणि अकराच्या आत उतरायचं. वहिनीने सांगितलंय तुला परवा छतावर चक्कर आली होती. तू माझ्यापासून लपवलंस, मी बेकरीचं लपवलं होतं, फिटंफाट.

भिंगरी

२२ एप्रिल

दादा,

आवारात परत पोचले. कुत्र्याने ओळखलं नाही, मग ओळखलं, मग पुन्हा फ्रिजमध्ये जाऊन झोपला.

तू तिथेच होतास, तर मग तुला काय नवीन सांगायचं, असं वाटलं. पण तू छतावर होतास आणि मी खाली. खालचं तुला माहीत नाही. मी वर येऊन सांगितलं नाही, कारण तोंड उघडलं असतं तर तिथे सगळ्यांसमोर भोकाड पसरलं असतं, आणि त्या छतावर आपण आधीच एकदा तमाशा केलाय.

वरचं थोडक्यात लिहिते, माझ्यासाठी. सकाळी सहाला आपण चढलो. तू माझ्याकडे बघून "वाळलीस" म्हणालास. आठ महिन्यांनंतर पहिला शब्द, तोही असा. मग माझ्या सिलिंडरला तापमापी लावलीस. तक्ता काढलास. मी काटा बघितलाच नाही, तुझं तोंड बघत होते. तुझं तोंड काही सांगत नाही रे, कधीच. मग तू तक्ता घडी करून खिशात ठेवलास आणि म्हणालास, "बावीस आहे."

मशीन दोन तास घरघरत होतं. तू दोन तास कुरकुरत होतास. "एवढ्या वेळात मी तीन एसी करून आलो असतो." मी म्हटलं, "आणि गच्चीवर तीनदा चक्कर येऊन पडला असतास." मग उरलेलं तीनशे ग्रॅम वजनकाट्यावर दिसलं तेव्हा तूच वाकून बघितलंस. "एवढंही होतं?" म्हणालास. पुढे तू विचारलंस की हे मशीन भाड्याने मिळतं का. मी मुद्दाम कोरड्या आवाजात सांगितलं की मिळतं. आतून मी नाचत होते.

मग नऊ किलो भरून तू म्हणालास, "खाली जा, खोलीतलं बटण चालू कर आणि मला हाक मार."

आता खालचं.

खोलीत अडतीस होतं. दारावर, खिडकीवर ओल्या चादरी. बर्फाची लादी अर्धी विरघळून ट्रेमध्ये पाणी झालेलं. मोठ्या सिस्टरांनी मला ओळखलं. मला वाटलं त्या दिवसाचं काही बोलतील. त्या म्हणाल्या, "चपला बाहेर. हात धुवा." तीन पेट्या. दोन बाळं झोपलेली, तिसरं रडतही नव्हतं, नुसतं तोंड उघडं ठेवून पडलेलं, छाती भराभर हलत होती. सिस्टर ओल्या बोळ्याने त्याचं कपाळ टिपत होत्या. त्याचे पाय माझ्या अंगठ्याएवढे होते.

मी बटण दाबलं. तुला हाक मारली. छताच्या झडपेतून आधी धूळ आली, मग गरम हवा. मला वाटलं, झालं, पुन्हा काहीतरी उलटं लावलंय मी. मग ती हवा कोमट झाली. मग मानेवर काहीतरी गार लागलं. मी हललेच नाही, हलले तर जाईल असं वाटलं.

पस्तीस. तेहतीस. सिस्टरांनी चादरी काढल्या. एकेक घडी करून बादलीत ठेवली, घाई नाही. तीस. तू वरून ओरडलास, "गार होतंय का?" मी "हो" म्हटलं. तू म्हणालास, "मग वर ये की." मी आले नाही, ते याच्यामुळे.

सत्तावीसला त्या तिसऱ्या बाळाने तोंड मिटलं. छाती हळू झाली. मग त्याने आधी एक पाय जवळ घेतला, मग दुसरा, आणि अंग चोरलं. सिस्टर वाकून बघत राहिल्या. मग माझ्याकडे वळून, चिडल्यासारख्या आवाजात म्हणाल्या, "अहो, जरा कमी करा की. गारठेल तो."

आणि पंचेचाळीस अंशांच्या त्या दिवशी त्यांनी कपाट उघडलं, तळातून एक दुपटं काढलं, झटकलं, आणि पेटीची झडप उघडून त्याच्या पायांवर पांघरलं.

भिंगरी